निम्मी मेमरी कोणी खाल्ली?

१

सकाळची शिफ्ट बदलत असतानाच कंट्रोल रूममधल्या स्क्रीन एकापाठोपाठ एक गोठल्या. फोन मात्र वाजायचे थांबले नाहीत. एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली म्हणून त्याची सून पलीकडून पत्ता सांगत होती, इकडे फोन घेणारी मुलगी तो टाइप करत होती, आणि स्क्रीनवर पुन्हा पुन्हा एकच वाक्य उमटत होतं: मेमरी देता येत नाही. शेवटी तिने पत्ता तळहातावर लिहून घेतला, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला तोंडी सांगितला, आणि त्या घाईगर्दीत गल्ली चुकली. म्हाताऱ्याला शेजाऱ्यांनी आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्यात रुग्णवाहिका सेवेचं कर्तृत्व शून्य होतं.

गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. आज मात्र प्रमुख मॅडमचा पारा चढला. त्यांनी दोन्ही शिफ्टच्या देखत सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला चोर म्हटलं, मशीनला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, आणि केबिनमध्ये जाऊन आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. बिघडलेले डेटाबेस ठिकाणावर आणणं हा तिचा धंदा. एका जागी बसून तिला काही सुचत नसे, त्यामुळे ज्या ऑफिसात ती जाई तिथे दिवसभर येरझाऱ्या घाली आणि लोकांच्या कपाळाला आठ्या पाडी. धाकटीचा आवाज फोनवर ऐकला तेव्हाच तिला कळलं होतं की चहा होईपर्यंतही थांबायची सोय नाही.

"चोर सापडलाय," धाकटीने दार लावून घेत सांगितलं. "चोरी कशी केली तेवढं तू शोधून दे."

"आधी चोर, मग चोरी? लहानपणापासून तुझं हे असंच. बरणी फुटली की आधी माझं नाव."

धाकटी हसली नाही. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. मेमरी म्हणजे मशीनला काम करायला लागणारी जागा. कोणी नवीन माणूस लॉगिन झाला की त्यातली थोडी जागा त्याला द्यावी लागते. शिफ्ट बदलताना जाणारे आणि येणारे असे दोघंही लॉगिन असतात, कारण इथला नियमच तसा होता: ज्याने फोन उचलला त्याने रुग्ण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. वर्षानुवर्षं मशीन हा दुप्पट भार मुकाट्याने सोसत आलं होतं. आता ते जागा नाही म्हणत होतं. आणि वापरणाऱ्या सगळ्यांची बेरीज केली तर निम्मीच मेमरी भरत होती. उरलेली निम्मी कोण खात होतं ते कुठेच दिसत नव्हतं.

"तो मशीनवर स्वतःची बाहेरची कामं चालवतोय," धाकटी म्हणाली. "हे सगळं सुरू झालं ते त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं त्या दिवसापासून. आणि मशीनची किल्ली त्याच्याशिवाय कोणाकडे नाही."

टेबलावर तक्रार टाइप करून तयार होती. दुपारची शिफ्ट बदलली की सही, मग वरचं ऑफिस, मग पोलीस. ताईने तोपर्यंतचा वेळ मागून घेतला. धाकटीने तो दिला, पण घड्याळ ताईच्या तोंडासमोर येईल असं टेबलावर फिरवून ठेवलं.

२

त्याला सगळे किल्लेदार म्हणत. इथे पासवर्डला किल्ली म्हणायची पद्धत होती आणि सगळ्या किल्ल्या याच्या डोक्यात. ताईला तो जुन्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीत सापडला. तिथे बसायला खुर्च्या भरपूर होत्या, तरी तो उभाच होता.

चोर म्हणून हाकललेला माणूस एकतर चिडलेला असतो नाहीतर गयावया करतो. हा दोन्ही करत नव्हता. मशीन आत्ता कसं आहे, तेवढंच त्याने विचारलं. मग सांगितलं की निम्मी मेमरी गायब आहे ही तक्रार घेऊन मॅडमकडे पहिल्यांदा गेला तो तोच. आपणच फिर्याद द्यायला जावं आणि आपल्यालाच कोठडीत बसवावं, अशी त्याची गत झाली होती.

ताई येरझाऱ्या घालत प्रश्न विचारत राहिली. मशीन बंद-चालू का केलं? दर काही महिन्यांनी सुरक्षेचे बदल बसवायचे असतात, त्यासाठी करावंच लागतं, तो म्हणाला, आणि आजवर कधी त्रास झाला नव्हता. सगळ्यात जास्त मेमरी कोणाला लागते? डेटाबेसला, अर्थातच. पण त्याची व्यवस्था किल्लेदाराने पहिल्यापासूनच करून ठेवली होती. मशीन जागं होताक्षणी डेटाबेससाठी एक मोठी सलग जागा राखून ठेवली जाई. तिथे दुसऱ्या कोणाला पाय ठेवायची परवानगी नव्हती आणि डेटाबेसला तिथून बाहेर यायची गरज नव्हती. ही व्यवस्था सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा सैल झाला.

"मग शिफ्ट बदलायच्या वेळी तुम्ही मशीनच्या खोलीत चोरून काय करता?" ताईने विचारलं. हे धाकटीने मुद्दाम सांगितलेलं होतं. दोन फोनवाल्यांनी त्याला दबक्या पावलांनी आत जाताना पाहिलं होतं.

किल्लेदाराने मान खाली घातली. "ते मी करत होतो. त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती द्या."

"काय करत होता?"

"खून," तो म्हणाला.

३

मयत होते अहवाल. आकडेबाई रोज वरच्या ऑफिससाठी किती फोन, किती गाड्या, किती मिनिटं यांचे भलेथोरले अहवाल सर्व्हरवर चालवायची, आणि ते मध्येच मरून पडायचे. शिफ्ट बदलायची वेळ आली की किल्लेदार गुपचूप जाऊन तिचा चालू अहवाल बंद पाडत होता, म्हणजे तेवढी मेमरी सुटेल आणि दोन-चार फोनवाल्यांना तरी लॉगिन होता येईल. उघड विचारलं असतं तर आकडेबाईने नाही म्हटलं असतं, कारण वरून तिचीही मानगूट धरलेली होती.

ताईने हे आकडेबाईच्या कानावर घातलं तेव्हा ती आधी लालबुंद झाली, मग तिला एक गोष्ट आठवली. गेल्या आठवड्यात तिच्याच भाच्याला अपघात झाला होता आणि गाडी वेळेत पोचली होती, शिफ्ट बदलायच्या वेळी. आता तिला कळलं की त्या गाडीसाठी तिचाच अहवाल मेला होता. तिने डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच, ताईने हे कोणाला सांगू नये, असं बजावलंही.

पण आकडेबाई निर्दोष होती हेही त्यातून उघड झालं. आज तर सकाळपासून तिने एकही अहवाल चालवला नव्हता, तरी निम्मी मेमरी गायबच होती.

उरला नकाशेवाला. रुग्णवाहिका कुठे आहे ते दाखवणारा नकाशा याने बनवलेला. बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही, ही त्याची ख्याती. ताई त्याच्या टेबलाभोवती फिरत राहिली आणि तो तिच्या दिशेने खुर्ची फिरवत बोलत राहिला. त्याचा नकाशा मेमरी खातो हा आरोप त्याला आईवरून शिवी दिल्यासारखा लागला होता. उलट नकाशालाच पोटभर मिळत नाही, तो म्हणाला. नकाशा अडखळतो म्हणून त्याने किल्लेदारामागे महिनोन्‌महिने टुमणं लावलं होतं, आणि किल्लेदार दर वेळी बघू बघू म्हणत होता. शेवटी तो रजेवर गेला तेव्हा याने मॅडमचंच डोकं खाल्लं. मॅडमनी समजूत घातली की धीर धर, मशीन एकदा बंद-चालू होऊ दे, मग तुझा नकाशा पळेल. कसला पळतोय, उलट सगळंच बसलं. या ऑफिसात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची सोय नाही, असं म्हणून त्याने आपल्या जुन्या साहेबांची गोष्ट सुरू केली.

ताईचं त्या साहेबांकडे लक्ष नव्हतं. तिला काहीतरी टोचून गेलं होतं आणि नेमकं काय ते हाताला लागत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. हॉलमध्ये दुपारच्या शिफ्टची पहिली मुलगी डबा घेऊन आलीसुद्धा.

४

मशीनच्या खोलीत थंडी होती आणि पंख्यांचा एकसुरी आवाज. ताईने शाल गुंडाळून घेतली आणि मेमरी वापरणाऱ्यांची यादी स्वतः पहिल्यापासून मांडली. किल्लेदाराचा हिशेब तिच्याजवळ होताच. त्याने इतकी वर्षं केली तशीच बेरीज केली होती: राखीव जागा एवढी, बाकीच्यांची एवढी. डेटाबेसची वेगळी ओळ त्याने सोडून दिली होती, कारण डेटाबेस राखीव जागेतच बसलेला, मग त्याला दोनदा कशाला मोजायचं?

ताईनेही पहिल्यांदा ती सोडलीच. निम्मी मेमरी पुन्हा गायब. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

मग तिच्या लक्षात आलं की चोरीला गेलेली मेमरी आणि राखीव मेमरी, दोघींचं माप जवळजवळ सारखं होतं. जुळ्या बहिणी असाव्यात इतकं. फक्त चोरीला गेलेली किंचित अंगाने भरलेली.

तिने राखीव जागेत डोकावून पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

त्या क्षणी तिला हसू आलं. एखाद्या सभागृहात एका कुटुंबासाठी पहिली रांग राखून ठेवावी, मोजून माणसांपुरती. ऐनवेळी त्या कुटुंबात एक पाहुणा वाढावा. आणि कुटुंब असं की बसलं तर सगळे एकत्र, नाहीतर कोणीच नाही. मग सगळं लटांबर मागच्या साध्या खुर्च्यांवर जाऊन बसणार. पहिली रांग रिकामी, पण राखीवची पाटी आहे म्हणून तिथे दुसरं कोणी बसू शकत नाही. आणि मागे येणाऱ्यांना उभं राहायलाही जागा नाही. अशा सभागृहात खुर्च्या मोजणारा वेडा होईल नाहीतर काय.

हा डेटाबेस नेमका तसाच एकत्र कुटुंबातला होता. त्याला लागणाऱ्या जागेचा आकडा कोणीतरी किंचित वाढवला होता. राखीव जागेत तो मावेना, म्हणून तो सगळाच्या सगळा बाहेर येऊन बसला. चोरी झालीच नव्हती. निम्मी मेमरी रिकामी पडून होती.

पण आकडा कोणी वाढवला? ताई पुन्हा चालायला लागली. किल्लेदाराने नाही. राखीव रांग त्यानेच बनवलेली. त्याने डेटाबेसचा आकडा वाढवला असता तर रांगही वाढवली असती, ते त्याच्या हाताने झोपेतही झालं असतं. म्हणजे हात दुसऱ्याचा. किल्ली असलेल्याचा, पण राखीव रांगेची खबर नसलेल्याचा. आणि हा आकडा बदलला की लगेच काही होत नाही, मशीन पुढच्या वेळी बंद-चालू होतं तेव्हाच तो लागू होतो. कोणीतरी आधीच बदल करून ठेवला होता, आणि किल्लेदाराने बिचाऱ्याने नेहमीप्रमाणे मशीन बंद-चालू केलं, नि आळ त्याच्यावर आला.

मग मशीन बंद-चालू झालं की नकाशा पळेल, हे आधीच कोणाला ठाऊक होतं?

ताई थांबली. ती सहसा थांबत नसे. खुर्च्यांच्या खोलीत जाऊन तिने किल्लेदाराला एकच गोष्ट विचारली: रजेवर जाताना किल्ली कोणाकडे देता?

"मॅडमकडे," तो सहज म्हणाला. "नियमच आहे तसा. पण त्या कशाला हात लावतील?"

५

केबिनमध्ये धाकटी पेनचं टोपण काढून बसली होती. ताईने दार लावलं आणि सगळं सांगितलं, सभागृहासकट. आकडा कोणी वाढवला तेवढं तिने सांगितलं नाही. ती धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

धाकटीला कळायला वेळ लागला नाही. तिने टोपण पेनाला लावायचा प्रयत्न केला आणि ते दोनदा चुकलं.

"अगं, पण मी तर किंचितच वाढवला होता," ती म्हणाली. "तो नकाशेवाला जीव खात होता. मदतीच्या लाइनवर फोन केला, ते म्हणाले, नकाशा डेटाबेसमधूनच माहिती घेतो, डेटाबेसची जागा वाढवा, आणि कुठला आकडा तेही सांगितलं. मी म्हटलं, थोडासा वर घालू. त्यानंतर दहा-बारा दिवस काहीसुद्धा झालं नाही गं. मी विसरूनही गेले."

ताईला त्यांच्या आईची आठवण झाली. कुठल्याही मापावर आई एक मूठ वर घालायची आणि म्हणायची, कमी पडायला नको. ती वरची मूठ दोघींच्या हातात उतरली होती. सर्व्हरमध्ये कोणी ती टाकली असेल असं मात्र कोणत्याही तज्ज्ञाच्या स्वप्नात आलं नसतं.

"आकडा पहिल्यासारखा केला की सुरळीत होईल?" धाकटीने विचारलं.

"होईल. मशीन एकदा बंद-चालू करावं लागेल. तेवढा वेळ कागद-पेन्सिलवर काम."

"मग करून टाक. आणि मशीनचाच दोष होता म्हणून सांगूया. तो सुटला, माझंही राहिलं. कोणाचं काय बिघडलं?"

तिच्या आवाजातली आशा ऐकून ताईचा जीव कळवळला. या खुर्चीपर्यंत पोचायला धाकटीने किती उंबरे झिजवले होते ते तिने जवळून पाहिलं होतं. वरच्या ऑफिसात तिच्या पडण्याची वाट बघणारे कमी नव्हते. एक वाक्य गिळलं की बहीण वाचत होती. ताईला ते वाक्य गिळायचा मोह झाला, आणि स्वतःचा रागही आला.

"किल्ली त्याच्याशिवाय कोणाकडे नाही, हे तूच सगळ्यांना सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "मशीनचा दोष म्हणालीस तर लोक म्हणतील, मॅडमची बहीण आली आणि तिने मिटवून टाकलं. तो इथे जन्मभर चोर राहील. फक्त न पकडलेला."

धाकटी रडेल असं ताईला वाटलं, पण ती चिडली. तू नेहमी परक्यांच्या बाजूने, आईपाशीही असंच करायचीस, असं ती बरंच काही बोलली. ताईने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की मशीन मी नीट करते, बाकीचं तुझं तू बघ, मी बाहेर एक अक्षर बोलणार नाही. आणि ती केबिनमधून निघाली. धाकटी काय करेल याची तिला अजिबात खात्री नव्हती.

६

दुरुस्ती किल्लेदाराच्या हातून करून घ्यायची, एवढं ताईने ठरवलं होतं. तिने त्याला मशीनच्या खोलीत आणून बसवलं आणि आकडा दाखवला. तो त्याच्याकडे बघतच राहिला. मग राखीव जागेकडे. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"मी माझीच व्यवस्था कधी तपासली नाही," तो म्हणाला. आकडा कोणी बदलला, ते त्याने विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून ताईला वाटलं की त्यालाही रजेचे दिवस आठवले असावेत.

हॉलमध्ये कागद वाटले गेले. मशीन बंद झालं. तेवढ्यात एकदम चार-पाच फोन आले आणि फोनवाल्यांचे आवाज चढले. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या, एक कामगार शिडीवरून पडला होता. पत्ते हाताने लिहिले जात होते, ड्रायव्हरांना दोन-दोनदा वाचून दाखवले जात होते. मशीन जागं व्हायला लागणारा वेळ ताईने दारापासून खिडकीपर्यंत चालून काढला. किल्लेदार पडद्यावरून नजर हलवत नव्हता.

"बसला," तो हळूच म्हणाला. डेटाबेस आपल्या रांगेत, सगळा एकत्र.

मग शिफ्ट बदलली. जाणारे आपापल्या रुग्णांना दारापर्यंत पोचवत बसून राहिले, येणारे शेजारी खुर्च्या ओढून लॉगिन होऊ लागले. पहिली आत गेली, दुसरी, नंतर सगळी रांगच. एकही स्क्रीन गोठली नाही. नकाशेवाला धावत येऊन नकाशा अजूनही अडखळतो अशी तक्रार करू लागला, तर आकडेबाईने त्याला हाताला धरून बाजूला बसवलं.

केबिनचं दार उघडलं. धाकटीच्या हातात तक्रारीचा कागद होता. ती किल्लेदाराकडे गेली नाही, ताईकडेही तिने पाहिलं नाही. हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. सकाळी याच जागेवरून ती बोलली होती, आणि सकाळसारखीच आताही दोन्ही शिफ्टची माणसं समोर होती. ताईला एकदम कळलं की धाकटी केबिनमध्ये लपली नव्हती. ती शिफ्ट बदलायची वाट बघत होती.

"ज्यांच्या कानावर फोन नाही त्यांनी ऐका," धाकटी म्हणाली. "बाकीच्यांना नंतर सांगा. सकाळी मी यांना चोर म्हटलं. चोरी झालीच नव्हती. हे रजेवर असताना किल्ली माझ्याकडे होती. मशीनमध्ये बदल मी केला, यांना न सांगता. आजवर जेवढे फोन अडकले ते माझ्यामुळे. वरच्या ऑफिसलाही मी तेच कळवते आहे."

तिने तो कागद फाडला. तो सरळ फाटला नाही.

एक फोन वाजला, कोणीतरी तो उचलला आणि पत्ता विचारू लागलं. किल्लेदार मशीनच्या खोलीच्या दारात उभा होता. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या हे त्याला आवडलं नसावं. तो सावकाश चालत मधोमध आला आणि मॅडमसमोर थांबला.

"किल्ली तुमच्याकडेही राहू द्या, मॅडम," तो म्हणाला. "मला रजा लागते अधूनमधून. फक्त मशीनला हात लावायच्या आधी मला एकदा विचारत जा."

"विचारेन," धाकटी म्हणाली.

"आणि मला चोर म्हणायच्या आधीही."